चिऱ्यांच्या फटींत गवत कसे टिकते: कोकणातल्या अंगणाचा विचार

कोकणात अंगण दगडाने बांधून काढणे ही जुनीच रीत आहे. डोंगरउतारावरच्या पाखाड्या म्हणजे दगडी पायवाटा, विहिरीभोवतीची फरसबंदी आणि घरासमोरचे चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे, अंगण यांमुळे पावसाळ्यातल्या चिखलातून सुटका होते. अलीकडे मात्र अंगण बांधताना दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरण्याऐवजी गवत वाढवावे, असे अनेकांना वाटू लागले आहे, आणि ते योग्यही आहे. अडचण अशी की लावलेले गवत बहुतेक ठिकाणी वर्षभरही टिकत नाही. आषाढात फटींतली माती वाहून जाते, उरलेले गवत मार्चपर्यंत वाळते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या जागी लव्हाळा किंवा टाकळा असे तण उभे राहते. मग दोष गवताच्या जातीला, रोपवाटिकेला किंवा उन्हाला दिला जातो. प्रत्यक्षात गवत जगेल की मरेल हे मुख्यतः दगडांच्या खाली काय आहे यावर ठरते, आणि ती जागा अंगण बांधून झाल्यावर दिसत नाही.

दोन दगडांमधली फट ही गवतासाठी अतिशय अरुंद आणि उथळ अशी जमीन असते. मोकळ्या जमिनीत मूळ चारी बाजूंना पसरू शकते. फटीत त्याला दोन्ही बाजूंनी दगड अडवतो, म्हणून त्याच्यासमोर खाली जाणे हा एकच मार्ग उरतो. आता आपल्याकडे अंगण सहसा कसे बांधतात ते पाहा. मुरूम पसरून धुम्मसाने ठोकतात, त्यावर काँक्रीटचा थर टाकतात, आणि त्या थरावर सिमेंटच्या मालात दगड किंवा पेव्हर ब्लॉक बसवतात. अशा अंगणातली फट म्हणजे बुडाला भोक नसलेली कुंडी होय. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. उन्हाळ्यात तेवढीशी माती दोन दिवसांत कोरडी होते आणि मुळांना खालचा ओलावा गाठता येत नाही. वरून कितीही पाणी घातले किंवा कितीही महाग लॉन आणले तरी ही स्थिती बदलत नाही.

कोकणाच्या हवामानात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण इथल्या गवताला एकाच वर्षात दोन परस्परविरोधी परीक्षा द्याव्या लागतात. किनारपट्टीवर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशोबाने १०० चौरस मीटरच्या अंगणात एका पावसाळ्यात सुमारे ३ लाख लिटर पाणी उतरते, आणि त्यात छपरावरून पागोळ्यांनी येणारे पाणी धरलेले नाही. त्यानंतर ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून मे अखेरपर्यंत पाऊस जवळजवळ नसतोच. म्हणजे फटीतल्या मातीने चार महिने पाणी झटपट खाली सोडले पाहिजे आणि उरलेले आठ महिने मुळांना खोलवर जाऊ दिले पाहिजे. या दोन्ही गोष्टी साधणारा तळ एकच आहे, आणि तो म्हणजे खडीचा, सिमेंट नसलेला तळ.

दगडाखालचा तळ

नवे अंगण करायचे असेल तर जमीन दगडाची जाडी सोडून साधारण वीतभर खोल खणावी. खणलेल्या जागेचा उतार घराच्या जोत्यापासून दूर जाणारा ठेवावा. दर मीटरला एक सेंटिमीटर इतका उतार पुरतो आणि तो डोळ्यांना जाणवतही नाही. त्यात वीस मिलिमीटरच्या आसपासच्या खडीचा जाड थर टाकून दाबून घ्यावा, त्यावर बारीक खडीचा पातळ थर आणि शेवटी जाड वाळूचा किंवा क्रश सँडचा तीन ते चार सेंटिमीटरचा थर द्यावा. दगड या वाळूवर बसवायचे असतात. खडी कोनेदार असावी, नदीतल्या गोट्यांची नसावी, कारण कोनेदार तुकडे एकमेकांत अडकून वजन पेलतात आणि तरीही त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात. याच पोकळ्यांतून पाणी खाली जाते, हवा आत येते आणि मुळे उतरतात. बारीक खडीच्या थरात थोडे कुजलेले शेणखत आणि माती मिसळली तर मूळ त्या थरात अधिक लवकर शिरते, मात्र पोकळ्या भरून जातील इतकी माती घालू नये.

समुद्राची वाळू घराजवळ सहज मिळते म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. तिच्यातील मीठ मुळांना पाणी शोषू देत नाही, शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलणे कायद्यानेही चालत नाही. त्यामुळे ती टाळावीच.

जिथे गाडी उभी राहणार किंवा फिरणार असेल तिथे खडीचा थर दुप्पट करावा लागतो. इथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. गाडीखालचे गवत मुख्यतः वजनाने मरत नाही, कारण वजन दगड घेतात आणि गवताचा जीवनाधार असलेला खोडाचा बुंधा दगडाच्या पृष्ठभागाच्या थोडा खाली असतो. ते सावलीने मरते. दिवसभर गाडी एकाच जागी उभी राहत असेल तर त्या जागी गवताचा आग्रह धरू नये. फटींत बारीक खडी भरावी. पाणी तिथूनही जिरते.

जोत्यालगतचा दोन फुटांचा पट्टा मात्र बंदच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. चिऱ्याची भिंत सच्छिद्र असते आणि जमिनीतला ओलावा वर ओढून घेते. जोत्याच्या अगदी कडेला पाणी जिरवले तर ते भिंतीतून आत येते, आणि ओल असली की वाळवीही येते. या पट्ट्यात सांधे मालाने भरून, उतार बाहेर देऊन, गवताची सुरुवात त्यापुढे करावी.

फट किती रुंद, किती खोल

चार ते पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांहून थोडी अधिक रुंदी सर्वांत सोयीची ठरते. दोन सेंटिमीटरहून अरुंद फटीत मातीचे प्रमाण इतके कमी असते की दोन्ही बाजूंचे तापलेले दगड ती कोरडी करून टाकतात. सात-आठ सेंटिमीटरहून रुंद फट गवताला मानवते, पण चालणाऱ्याचा पाय मुरगळतो आणि म्हाताऱ्या माणसाची काठी किंवा चाकाची खुर्ची तिच्यात अडकते. घरात वडीलधारी माणसे असतील तर ओटीपासून फाटकापर्यंतचा चालण्याचा एक पट्टा घट्ट बसवलेल्या दगडांचा ठेवून बाकीच्या अंगणात फटी सोडणे अधिक शहाणपणाचे आहे.

फटीतली माती दगडाच्या वरच्या कडेपासून दीड-दोन सेंटिमीटर खाली ठेवावी. ही लहानशी गोष्ट बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही. माती कडेबरोबर भरली की पहिल्याच जोरदार सरीत ती उडून दगडावर येते, चिखल होतो आणि गवताचे खोड उघडे पडून पायाखाली चिरडले जाते. खाली ठेवलेल्या मातीतून गवत वर येते तेव्हा त्याचा बुंधा दगडाच्या कडांमध्ये सुरक्षित राहतो आणि पायाखाली फक्त पाने येतात, जी पुन्हा फुटतात.

दगडाची निवडही गवतावर परिणाम करते. जांभा चिरा पाणी शोषतो आणि पावसानंतर काही काळ ओलसर राहतो, त्यामुळे त्याच्या कडेची माती काळ्या पाषाणाच्या किंवा कडप्प्याच्या मानाने कमी तापते. उलट त्याच ओलाव्यामुळे चिऱ्यावर शेवाळ लवकर धरते, म्हणून चिऱ्याचा पृष्ठभाग फार गुळगुळीत घासून घेऊ नये. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो आणि हवेत राहिल्यावर कडक होतो. जांभ्याचे पहिले शास्त्रीय वर्णन करणाऱ्या फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळातल्या दगडाबाबत १८०७ साली हाच गुण नोंदवला होता. ताजा चिरा लगेच बसवला तर फटीच्या कडा पावसाळ्यात झिजतात आणि फट वेडीवाकडी होते. तो काही महिने हवेशीर रचून ठेवून मग वापरणे चांगले.

माती आणि तिची उपासमार

जांभ्यापासून तयार झालेली लाल माती लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली आणि आम्लधर्मी असते. या ऑक्साइडांना स्फुरद (फॉस्फरस) घट्ट चिकटून बसते, त्यामुळे मातीत स्फुरद असूनही मुळांना ते मिळत नाही. नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅशियम) यांचे नेमके उलटे होते. ते पाण्यात विरघळून मुसळधार पावसाबरोबर खाली निघून जातात. म्हणजे एक अन्नद्रव्य अडकून पडते आणि बाकीची वाहून जातात. म्हणूनच नुसती लाल माती फटीत भरली तर गवत पिवळसर आणि विरळ राहते.

यावर कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट हा खरा उपाय आहे, कारण सेंद्रिय पदार्थ अन्नद्रव्ये धरून ठेवतो आणि स्फुरद मोकळे करण्यासही हातभार लावतो. भरावासाठी दोन भाग जाड वाळू, दोन भाग पोयट्याची माती आणि एक भाग चाळलेले कंपोस्ट असे मिश्रण बहुतेक अंगणांना चालते. हाडांचा चुरा मूठभर मिसळला तर आम्लधर्मी मातीत तो हळूहळू स्फुरद देत राहतो. चुना मात्र अंदाजाने टाकू नये. सिमेंटच्या सांध्यांजवळची माती आधीच अल्कधर्मी झालेली असू शकते, आणि तिथे चुना टाकणे म्हणजे चुकीच्या दिशेने ढकलणे होय. माती तपासून घेणे अवघड नाही. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे आणि कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळाही आहेत.

वरखत द्यायचेच असेल तर ते भर पावसात देऊ नये. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, चाळलेले कंपोस्ट फटींवर भुरभुरून झाडूने आत लोटावे. त्या वेळी दिलेले अन्न मुळांपर्यंत पोचते आणि तिथेच राहते.

कोणते गवत

भरपूर उन्हाच्या अंगणासाठी हरळीला पर्याय नाही, असे मला वाटते. जमिनीवर पसरणारे धावते खोड आणि जमिनीखाली वाढणारे खोड, अशी दोन्ही साधने तिच्याकडे असतात. वरचा भाग वाळला, तुडवला गेला किंवा गुरांनी खाल्ला तरी खालच्या खोडाच्या पेऱ्यांतून ती पुन्हा फुटते. उष्ण प्रदेशातल्या अनेक गवतांप्रमाणे हरळी कडक उन्हात थोड्या पाण्यावर अधिक अन्न तयार करू शकते, आणि खारे वारेही ती बऱ्यापैकी सोसते. तिला एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे सावली. माड उंच असतात आणि त्यांच्यामधून ऊन झिरपत सरकत राहते, म्हणून विरळ माडांखाली ती तग धरते. फणसाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत मात्र ती विरळ होत जाऊन संपते. श्रावणात लावलेल्या फटी नीट भरल्या तर पुढच्या भाद्रपदात गणपतीच्या दूर्वा अंगणातच मिळतात, हा हरळीचा आणखी एक आनंद आहे.

सावलीच्या, ओलसर बाजूला रुंद पानांचे कार्पेट गवत चांगले येते. ते आम्लधर्मी माती पसंत करते आणि बुटके राहते, पण उन्हाळ्यात त्याला नियमित पाणी लागते. विहीर मार्चमध्ये आटत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. बारीक पानांचे कोरियन गवत दिसायला सुंदर असते, गालिचासारखे घट्ट वाढते, पण ते अतिशय सावकाश पसरते आणि तोपर्यंत मोकळ्या फटींत तण शिरते. ज्या अंगणात रोज निगा राखणारा माणूस आहे तिथेच ते शोभते. दाट सावलीच्या आणि कायम ओल असलेल्या जागी, जसे मोरीजवळच्या कोपऱ्यात, गवताचा हट्ट सोडून मंडूकपर्णीसारखी जमिनीलगत पसरणारी वनस्पती लावली तर फट हिरवी राहते.

लागवडीच्या वेळेबाबत दोन मते ऐकू येतात. काही जण मृगाचा पाऊस पडला की लगेच लावतात. पण नव्याने भरलेली माती आणि मूळ न धरलेले काडे यांना जून-जुलैतला झोडपणारा पाऊस सहन होत नाही. ऊन-पावसाचा श्रावण हा काळ अधिक योग्य आहे. जमीन ओली असते, सरी मंदावलेल्या असतात आणि पाऊस संपण्याआधी मुळांना उतरायला निदान दीड-दोन महिने मिळतात. हरळीचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे करून, एक-दोन पेरी मातीत आणि एक वर अशा रीतीने, वीतभर अंतराने फटीत खोचावेत आणि बोटाने माती दाबावी. मोकळ्या राहिलेल्या मातीवर नारळाच्या सोडणाचा काथ्या पातळ पसरला तर थेंबांचा मार मातीवर थेट बसत नाही.

पागोळ्या जिथे पडतात त्या रेघेवर मात्र काहीही केले तरी गवत टिकणार नाही. छपराला पन्हळ लावावी, नाही तर त्या रेघेवर हातभर रुंदीचा गोट्यांचा पट्टा करावा.

पहिले वर्ष आणि त्यानंतर

पहिल्या ऑक्टोबरमध्ये गवताची खरी कसोटी असते. पाऊस थांबतो, ऊन एकदम तापते आणि मुळे अजून वरच्या थरातच असतात. या काळात रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदा खोलवर भिजेल असे पाणी द्यावे. रोजच्या शिंपडण्याने ओल वरच राहते आणि मुळेही वरच राहतात. खोल पाण्यामागे मुळे खाली जातात. दुसऱ्या उन्हाळ्यापासून हरळीला पाणी नाही दिले तरी चालते. ती एप्रिल-मेमध्ये तपकिरी पडेल, आणि मेली असे समजून ती उपटून टाकण्याची चूक अनेकदा होते. जमिनीखालचे खोड थोडे उकरून पाहावे; ते पांढरे आणि टणक असेल तर गवत झोपलेले आहे आणि वळवाच्या एखाद्या सरीने पुन्हा फुटेल.

तणांमध्ये लव्हाळा सर्वांत चिवट आहे. त्याच्या गाठी जमिनीखाली साखळीने जोडलेल्या असतात. वरचे पान ओढले की ते तुटून हातात येते आणि गाठ आत राहून पुन्हा फुटते. म्हणून लव्हाळा असलेल्या बागेतली माती भरावासाठी आणूच नये. टाकळा मात्र सोपा आहे. पहिल्या पावसात तो कोवळा असतानाच उपटला तर त्याची भाजीही होते आणि बी धरण्याआधी फट मोकळी होते. काही ठिकाणी तण मारण्यासाठी फटींत मीठ टाकतात किंवा तणनाशक फवारतात. ज्या अंगणातले पाणी जिरून शेवटी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीच्या दिशेने जाते, तिथे हे दोन्ही करू नये.

गवत बोटभर उंचीच्या वर जाऊ देऊ नये. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसे हा विषारी साप भरपूर आहे, ते आकाराने लहान असते आणि जमिनीच्या रंगात सहज मिसळून जाते. रात्री अंगणातून फिरणाऱ्याला पाय कुठे पडतो आहे ते दिसले पाहिजे. कडेला रचलेले चिरे, सोडणांचे ढीग आणि लाकडे गवताळ भागापासून दूर ठेवणे हेही त्याच काळजीचा भाग आहे.

अंगणाचे इतर उपयोग विसरून सगळीकडे गवत करणे हिताचे नाही. सुपारी, आमसुले, भात वाळवायला आणि लग्नकार्यात मांडव घालायला सपाट, कोरडी जागा लागते. सारवलेले खळे असेल तर ते तसेच राहू द्यावे आणि गवताच्या फटी त्याच्या बाहेरच्या भागात, तुळशीवृंदावनापलीकडे किंवा फाटकाच्या बाजूला घ्याव्यात.

फटींचे अंगण केले की विहिरीला पाणी वाढेल, असेही सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण मर्यादित. जिरलेले पाणी जांभ्याच्या पोकळ्यांतून खाली जाते, त्याखालच्या शेडीच्या चिकण थरावर अडते आणि उताराने सरकत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. एका अंगणाचे पाणी त्याच घराच्या विहिरीत थांबून राहीलच असे नाही. मात्र दगडी अंगणावरून धावत जाणारे पाणी खालच्या पाणंदीची माती कापते आणि गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, ढासळवते, तो वेग फटींमुळे निश्चितच कमी होतो, आणि पाणी साचून न राहिल्यामुळे डासांनाही जागा मिळत नाही.

अंगणावर आधीच काँक्रीट झालेले असेल तर सगळे फोडण्याची गरज नाही. पावसात पाणी कोणत्या बाजूला धावते ते आधी पाहून ठेवावे, आणि पाऊस संपल्यावर त्या उताराच्या टोकाशी दगडांची एक-दोन रांगांची पट्टी उचलून, खालचे काँक्रीट काढून, तिथेच खडीचा तळ आणि फटी कराव्यात. अंगणभर बंद तळावर लावलेल्या गवतापेक्षा, खालची माती मोकळी केलेल्या अशा एका पट्टीतले गवत अधिक काळ हिरवे राहते, आणि पुढे हाताशी पैसा व वेळ असेल तशी ती पट्टी घराच्या दिशेने वाढवत नेता येते.